इंटरॅक्शन डिझाइन शिकायला चित्रकला यावी लागते का?

आपण विचारले आहे की, रत्नागिरीत संगणकशास्त्राच्या बीएस्सीचे शेवटचे वर्ष चालू असून पुढे इंटरॅक्शन डिझाइनमध्ये, म्हणजे ॲप, यंत्रे वगैरे माणसांना सहज वापरता येतील अशी आखण्याच्या विषयात, पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे, पण चित्रकलेत हात कच्चा आहे. तेव्हा विद्यापीठात या विषयात नेमके काय शिकवतात आणि कोकणात राहून तयारी कशी करावी? मी मूळचा देवगड तालुक्यातला असून या विषयात एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करून गेली काही वर्षे हेच काम करतो, म्हणून अनुभवावरून लिहितो.

चित्रकलेची धास्ती आधी सोडून द्यावी. आयआयटी मुंबईकडून घेतल्या जाणाऱ्या सीड या डिझाइनच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत रेखाटनाचा भाग असतो हे खरे. पण मनातली कल्पना कागदावर दुसऱ्याला समजेल अशी उतरवता येणे हे तिथे महत्त्वाचे, छायाप्रकाशाची कलाकुसर नव्हे. घरातली विळी, कंदील, पाण्याचा पंप अशी एखादी वस्तू रोज वेगवेगळ्या बाजूंनी काढत गेलात, तर काही महिन्यांत हात बसतो. माझा तसाच बसला.

अभ्यासक्रमाचा गाभा मात्र वेगळाच आहे. वापरसुलभतेची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आयएसओ ९२४१ या मानकाच्या ११व्या भागात दिली आहे, तीत परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान हे तीन शब्द येतात आणि विद्यार्थी तेवढेच पाठ करतात. तिचा खरा जोर ‘ठरावीक वापरणारे, ठरावीक उद्दिष्ट आणि ठरावीक परिस्थिती’ यांवर आहे. म्हणजे एखादे ॲप ‘सोपे’ आहे, या विधानाला एकट्याने काहीच अर्थ नाही. कोणाला, कशासाठी आणि कुठे, हे आधी सांगावे लागते. मला हे वर्गात कळले नाही, काकांच्या पडवीत कळले.

पहिल्या वर्षी आम्हा चौघांनी बागायतदाराला थेट ग्राहकाला आंबा विकता यावा, म्हणून एक ॲप तयार केले होते. चाचणीसाठी मी एप्रिलमध्ये गावी गेलो. पडवीत पेंढा पसरून पेट्या भरणे चालले होते. काकांनी हात पुसून फोन घेतला आणि ‘संख्या’ या रकान्यात ४० लिहिले. त्यांच्या मनात ४० पेट्या होत्या. आमचे ॲप मात्र ४० डझन समजले. शिवाय पेटी म्हणजे काही एकच माप नव्हे. फळ मोठे असले की पेटीत कमी डझन बसतात, लहान असले की जास्त, आणि भावही त्यावरच ठरतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होते, तरी मुंबईत बसून रकाना आखताना आठवले नाही, याची आजही लाज वाटते.

पुढे ओटीपी आला. घरात रेंज नसल्यामुळे काका नेहमीप्रमाणे खळ्याच्या कोपऱ्यात, माडाखाली जाऊन उभे राहिले. संदेश मिळून ते परत येईपर्यंत आम्ही ठेवलेली दोन मिनिटांची मुदत संपली होती आणि भरलेला सगळा फॉर्म कोरा झाला होता. “ह्यां परत सगळां कित्याक इचारता?” असे ते म्हणाले. मला राहवले नाही. मी फोन हातात घेतला, डझनांचा आकडा लिहून दिला आणि सगळे पूर्ण करून टाकले. चाचणीचे चित्रण पाहिल्यावर आमच्या शिक्षकांनी एवढेच म्हटले की, इथून पुढे चाचणी तुमची चालली आहे, काकांची नव्हे. माणूस अडखळत असताना हात मागे ठेवून गप्प बसणे, त्याने प्रश्न विचारला तर “तुम्हाला काय वाटते?” एवढेच विचारणे आणि तो मोठ्याने बोलत असलेला विचार जसाच्या तसा टिपून घेणे, हे या विषयातले सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि त्याला चित्रकला लागत नाही.

बाकी सिद्धांत पुस्तकातून येतो. लक्ष्य (उदाहरणार्थ पडद्यावरचे बटण) जितके लहान आणि दूर, तितका तिथे पोहोचायला वेळ अधिक, हा १९५४ चा फिट्सचा नियम, किंवा वापरसुलभता मोजणारी दहा विधानांची एसयूएस प्रश्नावली यांत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जड जाण्यासारखे काही नाही. फक्त एका आकड्यापाशी जपून राहावे. पाच माणसांवर चाचणी केली की सुमारे ८५ टक्के दोष सापडतात, असे वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या हवाल्याने सगळीकडे सांगितले जाते. त्यामागे एक वापरणारा सरासरी ३१ टक्के दोष उघडे पाडतो, असे गृहीतक आहे आणि ती पाच माणसे एकाच प्रकारची असावी लागतात. आमच्या ॲपवर बागायतदार, पेट्या भरणारे कामगार आणि मुंबईचे चाकरमानी ग्राहक अशा तीन तऱ्हा होत्या. पाच जणांत तिन्ही कोंबून आम्हाला कोणाचीच नीट माहिती मिळाली नाही.

तयारीसाठी कोकण सोडण्याची गरज नाही. मिरकरवाडा बंदरावर सकाळी जावे आणि ओल्या हातांनी फोन वापरणाऱ्याकडे पाहावे. खाऱ्या पाण्याचा थेंब पडला की टचस्क्रीनला बोट कुठे टेकले तेच नीट कळत नाही, तेव्हा तो बोट लुंगीला पुसतो, की फोन शेजारच्याच्या हातात देतो? रेशन दुकानात अंगठा न जुळल्यावर म्हातारी बाई काय करते, हेही पाहावे. परवानगी घेऊन अशा एकाच कामाच्या पाच-सहा नोंदी कराव्यात, प्रत्येक नोंदीत माणूस कुठे थांबला, काय बोलला आणि शेवटी त्याने कोणती युक्ती काढली हे लिहावे, आणि त्यांतल्या एकाच अडचणीवर कागदी नमुना करून त्याच माणसांकडे परत जावे. निवडीच्या मुलाखतीत माझ्याकडून सर्वाधिक वेळ अशाच एका वहीबद्दल बोलून घेतला गेला. त्या वहीतली चित्रे काड्यांच्या माणसांची होती.