पुळण, रेताड, पोयटा की दोमट?

प्रश्न असा आला आहे: श्रीवर्धनजवळच्या नारळ-सुपारीच्या वाडीतली माती दोन जागांहून उचलून तपासायला दिली. अहवालात एका नमुन्यापुढे 'सँडी लोम' आहे, दुसऱ्यापुढे 'लोमी सँड'. कृषी सहायकांनी दोन्हींना 'वाळूमिश्रित पोयटा' म्हटलं. एका संकेतस्थळावर 'रेतीली दोमट' सापडलं. आजेसासूबाईंच्या लेखी मात्र ती सगळी 'पुळण'. हे शब्द एकाच मातीचे का? आणि बँकेच्या अर्जात 'जमिनीचा प्रकार' या रकान्यात काय लिहायचं?

एकाच मातीचे नाहीत. यातले काही शब्द कणांबद्दल बोलतात, 'पुळण' जागेबद्दल बोलतो, आणि 'दोमट' हिंदीतून उचललेला आहे.

तुम्ही अहवालातले आकडे दिलेत हे बरं केलंत, त्यामुळे हवेत बोलावं लागत नाही. घराकडचा नमुना: वाळू ६८ टक्के, गाळ २०, चिकणमाती १२. समुद्राकडच्या सुरूंच्या ओळीपासचा: वाळू ८३, गाळ १२, चिकणमाती ५. ही तिन्ही नावं इथे फक्त कणाच्या आकाराची आहेत. अमेरिकी कृषी खात्याच्या पद्धतीत २ ते ०.०५ मिलिमीटरचा कण म्हणजे वाळू, ०.०५ ते ०.००२ चा म्हणजे गाळ आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. कण गारगोटीचा आहे की शिंपल्याचा, हे ही मोजणी विचारत नाही.

आता 'लोम'. वाळू, गाळ आणि चिकणमाती अशा बेतानं मिसळलेली माती की कुणा एकाचाच वरचष्मा दिसत नाही, ती लोम. त्यात वाळूचा अंश वाढत गेला की 'सँडी लोम' येते. तिची व्याख्या आकड्यांत बांधलेली आहे: चिकणमाती ७ ते २० टक्के, वाळू ५२ टक्क्यांहून जास्त, आणि गाळाच्या टक्क्यांत चिकणमातीची दुप्पट मिळवली तर बेरीज ३० किंवा त्याहून अधिक. (चिकणमाती ७ टक्क्यांहून कमी असेल तर निकष वेगळे लागतात, पण वाळू भरपूर असली की वरची ३० ची बेरीज तिथेही सुटत नाही.) तुमच्या घराकडच्या नमुन्यात २० अधिक २४, म्हणजे ४४. बसली. सुरूंकडच्या नमुन्यात १२ अधिक १०, म्हणजे २२. ३० च्या आत राहिली, म्हणून ती 'लोमी सँड'. एकाच वाडीत, एकाच कुंपणाच्या आत दोन माती निघाल्या त्या अशा. प्रयोगशाळेनं घोळ घातलेला नाही.

इथे कुणीही विचारील की ६८ टक्के वाळू असताना तिला वाळू का म्हणायचं नाही? कारण बारीक कणांचा जोर त्यांच्या वजनाच्या मानानं फार मोठा असतो. एक मिलिमीटरच्या वाळूच्या कणाचे ०.००२ मिलिमीटरचे कण केले, तर तेवढ्याच ऐवजाचा पृष्ठभाग पाचशे पट होतो, आणि पाणी व अन्नद्रव्यं धरली जातात ती या पृष्ठभागावर. दुधात विरजण चमचाभरच घालतात, पण भांड्यात काय होणार ते तोच चमचा ठरवतो. व्याख्येत चिकणमातीची दुप्पट धरलेली आहे तीही याच हिशेबानं.

मराठीकडे वळू. तत्पुरुष समासात मान शेवटच्या शब्दाचा, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. 'वाळूमिश्रित पोयटा' हा पोयटाच, आणि 'पोयटामिश्रित वाळू' ही वाळूच. इंग्रजीतली जोडीही तशीच चालते, त्यामुळे शब्दांची उलटापालट म्हणजे मातीची उलटापालट. सहायकांनी दोन्हींना एकच नाव दिलं ते बोलण्याच्या ओघात खपून जाईल, अर्जात खपणार नाही. जागतिक वर्गीकरणाची एक मोठी कुंपणरेषा नेमकी या दोन नावांच्या मधून जाते. त्याकडे पुढे येतोच.

'पोयटा' या शब्दाची मात्र अडचण आहे. नदीच्या पुरानं आणून टाकलेली मऊ, सुपीक माती म्हणजे पोयटा, हा लोकांच्या तोंडचा अर्थ. कृषीच्या पुस्तकांनी तो दोन जागी बसवला. कुठे 'वाळू, पोयटा, चिकणमाती' अशा तिकडीत तो मधल्या आकाराच्या कणासाठी येतो, आणि कुठे 'पोयट्याची जमीन' म्हणून लोमसाठी. मग एकाच पानावर 'पोयट्यात पोयटा २० टक्के' असं वाचायची पाळी येते. माझं मत: कणाला 'गाळ' म्हणावं आणि मिश्र मातीला 'पोयटा'. नदीकाठचा शेतकरी 'पोयट्याचं रान' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे कण नसतो, नांगराला हलकी आणि पिकाला जड नसलेली जमीन असते, आणि लोमचं वर्णन याहून वेगळं नाही. मधल्या कणासाठी 'पोयटा'च हवा असा कुणाचा आग्रह असेल तर त्यानं लोमला दुसरं नाव द्यावं. दोन्हीकडे एकच शब्द नको, एवढंच.

'दोमट' हिंदीत रुळलेला शब्द आहे, तिथे तो छान चालतो. मराठी संकेतस्थळांवर तो अलीकडे दिसतो तो बहुधा हिंदी मजकूर घाईनं मराठीत ओढल्यामुळे. 'रेतीली' तर सरळ हिंदीच. घरात 'पोयटा' असताना शेजारून मागून आणायची गरज मला दिसत नाही.

आता पुढचं विशेषण. 'वालुकामय' मला रुचत नाही. 'मय' लागला की वस्तू त्याच पदार्थाची बनलेली किंवा त्यानं पुरती भरलेली वाटते: सुवर्णमय, तेजोमय. 'वालुकामय प्रदेश' म्हटलं की जैसलमेर आठवतं, श्रीवर्धन नव्हे. 'वाळूमिश्रित' उलट बाजूला झुकतो. पोयट्यात कुणी थोडी वाळू कालवली असावी असा त्याचा सूर आहे, आणि इथे तर निम्म्याहून जास्त वाळूच आहे. म्हणून मी 'रेताड पोयटा' म्हणेन. 'रेताड' हा शेतकऱ्याच्या तोंडचा शब्द आहे, तो मातीचा स्वभाव सांगतो, आणि नामाची जागा पोयट्याकडेच राहते. जोडीच्या 'लोमी सँड'ला 'पोयटसर वाळू' म्हणता येईल. लालसर, ओलसर, गोडसर यांतला 'सर' आपल्याला पुरेसा ओळखीचा आहे. शब्द मी जुळवलेला आहे हे खरं, पण ऐकताच अर्थ कळतो की नाही ते तुम्हीच बघा.

आणि पुळण? आजेसासूबाईंचा शब्द चुकीचा मुळीच नाही, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. संस्कृत 'पुलिन' म्हणजे पाण्याकाठचा वाळूचा पट्टा, त्याची मराठीत 'पुळण' झाली. हे जागेचं नाव. समुद्राच्या कडेची, वाळूवर वसलेली जमीन ती पुळण, मग तिच्यात गाळ किती आणि चिकणमाती किती हे कुणी मोजो न मोजो. आपल्याकडे जमिनीची नावं पाडताना बहुतेकदा जागा, पाणी आणि वापर बघितलेला आहे. डोंगरउतारावरची नाचणी-वरीची ती वरकस. खाडीच्या भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली ती खाजण किंवा खार. वर खडकच खडक तो कातळ. देशावर तर गावच्या शेतजमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतात. यांतलं एकही नाव चाळणी घेऊन ठरवलेलं नाही, आणि तरी प्रत्येक नाव ऐकून तिथे काय पिकेल ते जाणत्याला कळतं.

गोव्यात ही वाटणी आणखी नेटकी आहे. भातजमिनींचे तिथे तीन प्रकार मानतात: उंचावरची मोरड, खाडीकाठची सखल खाजन आणि या दोहोंमधली रेताड ती खेर. म्हणजे तुमच्या घराकडच्या मातीला मिळतंजुळतं एक रोजच्या वापरातलं नाव शेजारच्या राज्यात आहे. पावसाळ्यात भात, आणि नंतर पाणी जमिनीखाली फार खोल नसल्यामुळे अळसांदे, भाज्या, रताळी, असा खेरीचा क्रम. पण खेर म्हटलं की भातशेतीची जागा डोळ्यापुढे येते, तुमच्या वाडीला ते नाव लागू करू नका.

समुद्राकाठची म्हणून पुळण खारीच असणार, हा समजही जाता जाता काढून टाकू. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि रेताड मातीतून तो क्षार धुऊन नेतो. चिकण खाजणात ते अडकून बसतात. खारेपणा ठरतो तो विद्युत वाहकतेवरून: चार डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की क्षारयुक्त. तुमचे दोन्ही आकडे एकाच्या आत आहेत. विहिरीचा उपसा बेसुमार केला तर समुद्राचं पाणी आत सरकू शकतं, पण तो प्रश्न विहिरीचा आहे.

वर्गीकरणाबद्दल विचारलंत, तर 'सँडी लोम' हे मातीच्या जातीचं नाव नव्हे, पोताचं नाव आहे. पोताचे बारा वर्ग आहेत, आणि अमेरिकी मृदावर्गीकरणात मातीचे मुख्य गटही आज बाराच आहेत, त्यामुळे गोंधळ व्हायला वाव आहे. गट ठरवताना वरची मूठभर माती पुरत नाही. खड्डा खणून थर बघावे लागतात, ओल किती काळ टिकते ते बघावं लागतं. किनाऱ्यावरच्या कोवळ्या, थर न पडलेल्या माती बहुधा एन्टिसॉल गटात जातात. त्यातला वाळूचा उपगट 'सॅमेंट', ग्रीक भाषेत वाळूला जो शब्द आहे त्यावरून. दुसऱ्या, आंतरराष्ट्रीय पद्धतीत साधारण याच मातीला 'अरेनोसॉल' म्हणतात, लॅटिन 'अरेना' म्हणजे वाळू यावरून. रोमन आखाड्यात वाळू पसरत, म्हणून आखाडाच अरेना झाला आणि आजची क्रीडासंकुलं ते नाव मिरवतात. दोन्ही पद्धतींची अट सारखी: ठरावीक खोलीपर्यंत पोत पोयटसर वाळूचा किंवा त्याहून भरड हवा. रेताड पोयटा लागला की माती त्या कप्प्याबाहेर. म्हणजे तुमचा सुरूंकडचा तुकडा खालीही तसाच असेल तर आत जाऊ शकतो, घराकडचा जाणार नाही. ही ती कुंपणरेषा. खड्डा न खणता याहून पुढचं नाव कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. हे काम करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरात आहे.

घरच्या घरी फरक बघायचा असेल तर दोन्हीकडची मूठ-मूठ माती घ्या. मुळं, खडे काढा, थेंबथेंब पाणी घालून कणकेसारखी मळा. सुरूंकडच्या मातीचा गोळा कसाबसा वळेल, पण बोटानं टोकरला की विस्कटेल, फीत निघणार नाही. घराकडच्या मातीचा गोळा टिकेल. तो अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पुढे सरकवलात तर पट्टी निघेल आणि अडीच सेंटिमीटर व्हायच्या आत तुटेल. कानाशी धरून चोळलीत तर दोन्ही करकरतील, सुरूंकडची जास्त. सर्वेक्षणवाले शेतात उभ्या उभ्या असंच करतात, आकडे नंतर येतात.

'पोत' या शब्दाबद्दल एक खटकणारी गोष्ट सांगतो. शेणखतानं जमिनीचा पोत सुधारतो असं आपण सर्रास म्हणतो, आणि तिथे पोत म्हणजे कस. शास्त्राच्या पुस्तकात पोत म्हणजे कणांचं प्रमाण, ते शेणखतानं तसूभरही बदलत नाही. बदलते ती कणांची घडण, आणि पाणी धरायची ताकद. पोत बदलायचा तर बाहेरून मातीच आणून घालावी लागते. पुळणीत माड लावताना खड्ड्यात लाल माती भरतात, तेव्हा तेवढ्या खड्ड्यापुरता पोत खरोखर बदलतो. घराकडचा भाग पिढ्यान्‌पिढ्या असाच भरत आला असेल तर तिथली १२ टक्के चिकणमाती नुसती निसर्गाची नाही. सरकारी मृदा आरोग्य पत्रिकेत सामूपासून बोरॉनपर्यंत बारा घटक असतात, पण पोत नसतो. तुम्ही तो वेगळा करून घेतलात म्हणून ही चर्चा तरी झाली.

नावाचा फरक पाण्यातही दिसतो. रेताड पोयट्यात तासाला साधारण २० ते ३० मिलिमीटर पाणी मुरतं, निव्वळ वाळूत ३० च्या वर. म्हणून सुरूंकडच्या माडांना शिंपणं थोडं थोडं आणि वरचेवर हवं, आणि खताचे हप्तेही जास्त. एकदम घातलेलं नत्र-पालाश मुळांच्या खाली निघून जातं.

तर अर्ज. घराकडच्या भागापुढे 'रेताड पोयटा' लिहा आणि शेजारी देवनागरीतच 'सँडी लोम' लिहा, कारण तपासणारा माणूस अहवालाशी ताडून बघणार. सुरूंकडच्या पट्ट्यापुढे 'पोयटसर वाळू, लोमी सँड'. रकाना एकच असेल तर ज्या भागासाठी कर्ज मागताय त्याचंच नाव द्या. आणि जागेचं वर्णन विचारलं असेल तिथे बिनदिक्कत 'पुळण' लिहा, आजेसासूबाईंना विचारून.