पोटाचा घेर आणि अपुरा पडणारा श्वास

प्रश्न : वय ५२, पुरुष. कंबर १०२ सेंमी, रक्तदाब १३८/८८, उपाशीपोटी साखर ११२, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक प्रकारची चरबी) २१०. दोन जिने चढलं की धाप लागते. सिगारेट कधीच ओढली नाही. स्पायरोमेट्रीत (जोरात फुंकून करायच्या फुफ्फुसांच्या चाचणीत) एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात सोडलेली एकूण हवा, अपेक्षेच्या ७२ टक्के, एफईव्ही-१, म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात सोडलेली हवा, अपेक्षेच्या ७४ टक्के आणि एफईव्ही-१ चं एफव्हीसीशी गुणोत्तर ०.८१ आलं. खाली ‘रिस्ट्रिक्शन’ (फुफ्फुसं पूर्ण न फुलणं) असा शेरा आहे. दम्याचा पंप सुरू करावा का?

उत्तर : निव्वळ या रिपोर्टवरून नको. दम्यात श्वासनळ्या आवळल्या की गुणोत्तर घसरतं, बहुधा ०.७० च्या खाली. तुमचं चांगलं आहे; कमी पडतेय ती आत भरून घेतलेली एकूण हवा. छातीत शिट्टी वाजणं किंवा पहाटे खोकल्यानं जाग येणं असं काही असेल, तरच दम्याचा वेगळा विचार करावा लागेल.

मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणजे वाढलेली कंबर, रक्तदाब, साखर आणि रक्तातल्या चरबीतला बिघाड एकत्र येणं; त्याच्या पाच निकषांपैकी तीन जुळले की निदान होतं. तुमचे चार जुळतात : कंबर, रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड्स. पोटातली चरबी श्वासपटलाला खालून वर रेटते, त्यामुळे फुफ्फुसांचा तळ नीट फुलत नाही. आडवं झाल्यावर किंवा बुटांची नाडी बांधायला वाकल्यावर जास्त गुदमरतं ते यामुळेच. शिवाय ही चरबी दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते. त्यामुळेच वजन फारसं नसलेल्या, पण पोट सुटलेल्या माणसांतही एफव्हीसी कमी आढळतं.

मात्र आधी रिपोर्टमधला आलेख तपासून घ्या. फुंकर अर्ध्यात सोडली तर एफव्हीसी खोटं कमी दिसतं, गुणोत्तर खोटं चांगलं दिसतं आणि खरा दमा लपून जातो. आलेखाची रेघ सपाट होईपर्यंत फुंकलेलं हवं, तीन फुंकरी नीट हव्यात आणि सर्वांत चांगल्या दोन फुंकरींत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. चाचणीआधी दोन तास भरपेट जेवू नका, पट्टा सैल ठेवा.

पुन्हा तेच आकडे आले तर फुफ्फुसांची एकूण क्षमता आणि डीएलसीओ (फुफ्फुसांतून रक्तात वायू किती नीट जातो याचं माप) तपासावं. नुसत्या लठ्ठपणात डीएलसीओ सहसा नॉर्मल असतं. ते कमी असेल तर छातीचा एचआरसीटी (बारकाईनं दाखवणारा सीटी स्कॅन) लागेल.

या सगळ्याआधी हृदय तपासा. तुमच्यासारख्यांमध्ये जिना चढताना लागणारी धाप हृदयविकाराचं एकमेव लक्षण असू शकते. ईसीजी आणि टू-डी इको लांबवू नका. ते ठीक निघाले तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आठवड्याला १५० मिनिटं झपझप चाला. वजन ८४ किलो असेल तर ४ ते ८ किलो उतरवण्याचं लक्ष्य धरा. रात्री घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेची चाचणीही करून घ्या.

प्रश्न : कंबर म्हणजे पँटचा नंबर का?

उत्तर : नाही. पँट पोटाखाली बांधली जाते, म्हणून तो नंबर कमी येतो. उभं राहून, कपडा बाजूला करून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावा. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर आकडा वाचा, पोट आत ओढू नका. भारतीय पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी किंवा त्याहून जास्त घेर हा धोक्याचा समजतात.