ऑनलाइन एनपी: क्रेडिटचा दर नंतर बघा, आधी प्रिसेप्टरचं विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसजवळ आरएन (परवानाधारक नर्स) म्हणून रात्रपाळी, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग, हातात ग्रीन कार्ड. एनपी म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, स्वतः पेशंट तपासून औषधं लिहिणारी नर्स; त्यातलं फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एफएनपी, ऑनलाइन आणि कमीत कमी पैशांत कुठून करावं? आणि पुण्यातल्या मावसबहिणीला तिथे बसून हेच करता येईल का? बहिणीचं शेवटी बघू.

सगळ्यात स्वस्त कॉलेज कोणतं, याचं उत्तर क्रेडिटच्या (अभ्यासाच्या एककाच्या) दरावरून काढाल तर फसाल. या शिक्षणात लेक्चर, असाइनमेंट आणि परीक्षा ऑनलाइन असतात. पेशंट तपासायचे तास, म्हणजे क्लिनिकल, मात्र तुमच्याच गावात, कुणातरी डॉक्टरच्या किंवा एनपीच्या हाताखाली, प्रत्यक्ष भरावे लागतात. असं शिकवणारा डॉक्टर किंवा एनपी म्हणजे प्रिसेप्टर. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी हे तास किमान ७५० वर नेले; पूर्वी ५०० चालायचे. खर्चाचा खरा कस इथेच लागतो.

कागदावर हिशेब करून बघा. समजा ४५ क्रेडिटचा एमएसएन (नर्सिंगची मास्टर्स पदवी) आहे. एका ठिकाणी क्रेडिटला ४५० डॉलर, दुसरीकडे ६५०. म्हणजे २०,२५० विरुद्ध २९,२५०. फरक ९,००० चा. आता पहिलं कॉलेज म्हणतं, प्रिसेप्टर तुमचा तुम्ही शोधा. तो वेळेत मिळाला नाही की क्लिनिकलचा विषय घेता येत नाही आणि टर्म पुढे ढकलावी लागते. आरएन आणि एनपीच्या पगारात महिन्याला ३,००० डॉलरचा फरक धरला, तर चार महिने हुकले की १२,००० गेले. स्वस्त कॉलेज तिथेच महाग झालं. प्रिसेप्टर जुळवून देणाऱ्या एजन्सीही आहेत, त्या तासावर पैसे घेतात. त्यांचं बिल ट्यूशनच्या पानावर कुठेच दिसत नाही.

बुडणाऱ्या पाळ्यांचंही तसंच. तुमचा दर ताशी ४० डॉलर धरला आणि ७५० तासांसाठी तेवढंच काम सोडलं तर ३०,००० डॉलर बुडाले, म्हणजे ट्यूशनपेक्षा जास्त. म्हणून पाळ्या सोडण्याऐवजी बसवता येतात का ते बघा. शुक्रवार, शनिवार, रविवार अशा बारा-बारा तासांच्या तीन रात्री, सोमवार झोपेला, मंगळवार-बुधवार क्लिनिकमध्ये आठ-आठ तास. आठवड्याला १६ तास, १५ आठवड्यांच्या टर्ममध्ये २४०, तीन टर्ममध्ये ७२०. उरलेले तीस सुट्टीच्या आठवड्यांत निघतात. रात्रपाळी संपवून तसंच सकाळी क्लिनिकला जाणं बरीच कॉलेजं चालवून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. झोपेत औषधाचा डोस लिहायची सवय कुणालाच नको. दुसरं म्हणजे पूर्णवेळ सोडून पीआरएनवर (बोलावतील तेवढ्याच पाळ्यांवर) जाण्याआधी एचआरला विचारा. हॉस्पिटलकडून मिळणारी शिक्षण-मदत बहुधा पूर्णवेळ किंवा ठरावीक तासांच्या नोकरीलाच असते. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त आहे. ती कशाला घालवायची?

आता प्रिसेप्टर. कॉलेजला हा प्रश्न ईमेलनेच विचारा, फोनवर नको: “माझ्या पिनकोडपासून किती मैलांच्या आत, कोणत्या टर्मसाठी, तुम्ही स्वतः प्लेसमेंट देता का? नाही मिळाली तर माझी टर्म आणि फी यांचं काय होतं?” उत्तरात “वी असिस्ट स्टुडंट्स” एवढंच आलं, तर शोधायचं तुम्हालाच आहे असं समजा. बहुतेकदा याचा अर्थ एक जुनी यादी आणि शुभेच्छा इतकाच असतो.

स्वतः शोधायचं असेल तर नऊ ते बारा महिने आधी लागा. एवढा वेळ प्रिसेप्टरचा होकार मिळवण्यात जात नाही. तो कॉलेज आणि क्लिनिक यांच्यातल्या करारात जातो. डॉक्टर “ये” म्हणतात, पण क्लिनिक मोठ्या हॉस्पिटल समूहाचं निघतं, त्यांचा कायदा विभाग कागद दोन-तीन महिने फिरवतो आणि शेवटी कळतं की ते ठरावीक कॉलेजांशीच करार करतात. म्हणून पहिली चौकशी तुमच्याच हॉस्पिटलच्या शिक्षण विभागात करा: आपला करार कोणकोणत्या कॉलेजांशी आहे? त्या यादीतलंच कॉलेज निवडलं तर निम्मी दगदग वाचते. हे मी बाकी सगळ्या मुद्द्यांच्या वर ठेवेन. याउलट एखाद-दुसऱ्या डॉक्टरचं स्वतंत्र क्लिनिक असेल तर करारावर आठवड्याभरात सही होऊ शकते.

एफएनपीला लहान मुलं, स्त्रीरोग-प्रसूतीपूर्व तपासणी, प्रौढ आणि वृद्ध असे सगळे पेशंट दिसायला हवेत. प्रौढांचं जमतं. अडतं ते बालरोग आणि स्त्रीआरोग्यावर, कारण तिथे जागा कमी आणि मागणारे फार. म्हणून या दोन जागा आधी पक्क्या करा, प्रौढांची शेवटी. विचारायला जाताना एक पानाचा बायोडेटा, आरएन परवान्याचा तपशील, कोणते आठवडे, कोणते वार, एकूण तास आणि कोर्सची उद्दिष्टं असं एकत्र पाकीट न्या आणि ते ऑफिस मॅनेजरच्या हातात द्या. डॉक्टरपर्यंत कागद त्यांच्याच हातून जातो. एनपी प्रिसेप्टर असेल तर तिचा परवाना, बोर्ड सर्टिफिकेशन आणि बायोडेटा कॉलेजला लागतो. तुमच्या युनिटमधल्या पाळीतले तास इथे धरले जात नाहीत, हेही आधीच लक्षात असू द्या. आणि प्रिसेप्टर मध्येच नोकरी सोडू शकते, म्हणून दुसरं एक नाव हाताशी ठेवा.

तासांची नोंद रोजच्या रोज करा. टायफॉन किंवा तशाच एखाद्या प्रणालीत प्रत्येक पेशंटमागे वयोगट, निदानाचा कोड, भेटीचा कोड आणि तुम्ही नुसतं पाहिलं, मदत केली की स्वतः तपासलं, हे भरायचं असतं. नाव किंवा जन्मतारीख चुकूनही नाही. जेवणाची सुट्टी तासांत धरू नका. आठवड्याची सही त्याच आठवड्यात घ्या. टर्मच्या शेवटी सव्वादोनशे तासांवर एकदम सही मागितली की प्रिसेप्टरला काही आठवत नाही आणि कॉलेज नोंदी परत पाठवतं.

आता कॉलेज पारखायचं. सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन-सीएनईए या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता हवी, आणि ती कॉलेजच्या जाहिरातीत न बघता त्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघा. मान्यता नसेल तर एएनसीसी किंवा एएएनपीसीबीच्या सर्टिफिकेशन परीक्षेला बसता येणार नाही, आणि त्याशिवाय परवाना नाही. परीक्षेचा पहिल्या प्रयत्नातला निकाल विचाराच, पण त्यासोबत प्रवेश किती जणांनी घेतला आणि शेवटपर्यंत किती टिकले हेही विचारा. अर्धे विद्यार्थी गळल्यावर उरलेल्यांचा निकाल चांगलाच दिसतो. पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकॉलॉजी आणि फिजिकल असेसमेंट हे प्रगत विषय तीन वेगवेगळ्या कोर्सच्या रूपात मार्कलिस्टवर दिसायला हवेत. कमीत कमी बी ग्रेड लागते. सी आली की विषय पुन्हा, फी पुन्हा, आणि दुसऱ्यांदा तसंच झालं तर बऱ्याच ठिकाणी बाहेरचा रस्ता. “दोन आठवड्यांत प्रवेश, क्लिनिकल सोपं” असं कुणी सांगितलं तर फोन ठेवा. २०२३ च्या जानेवारीत अमेरिकेत फ्लोरिडातल्या तीन शाळांच्या ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग डिप्लोमांचं प्रकरण उघड झालं. तेव्हापासून कागदपत्रं अधिकच बारकाईने तपासली जातात.

राज्याचं प्रकरण वेगळंच. तुमचा आरएन परवाना कॉम्पॅक्ट (अनेक राज्यांत चालणारा) असेल, पण एनपीचा परवाना तसा चालत नाही. तो राज्यागणिक वेगळा काढावा लागतो. बाहेरच्या राज्यातलं कॉलेज टेक्सासमध्ये क्लिनिकल करू देतं का, हे लेखी घ्या. मध्येच नवऱ्याची किंवा बायकोची बदली होऊन कॅलिफोर्नियाला जावं लागलं तर तिथे कॉलेजला परवानगी आहे का, तेही आत्ताच बघा. राज्याराज्यांतल्या दूरशिक्षणाच्या “सारा” (एसएआरए) नावाच्या करारात कॅलिफोर्निया नाही, त्यामुळे कॉलेजची तिथली परवानगी वेगळी तपासावी लागते. राज्य बदललं म्हणून अर्ध्यात अडकलेली डिग्री ही सगळ्यात महाग डिग्री.

टेक्सासमध्ये राहता म्हणजे आधी राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांकडे बघा: डेंटनचं टेक्सास वुमन्स, लबकचं टेक्सास टेकचं आरोग्य विज्ञान केंद्र, आणि तुमच्या जवळचं यूटी अर्लिंग्टन. रहिवाशाचा दर, स्थानिक करार आणि ओळखीचं नाव, तिन्ही गोष्टी तिथे एकत्र मिळायची शक्यता जास्त. वेस्टर्न गव्हर्नर्ससारख्या विद्यापीठात सहा महिन्यांची एकरकमी फी असते आणि तेवढ्यात जमतील तितके विषय संपवता येतात. थिअरीत वेग असेल तर हा सौदा चांगला. क्लिनिकलचे तास मात्र कुणालाही पळवता येत नाहीत, त्यामुळे तिथे एकरकमी फीचा फायदा विरतो. दर टर्मची टेक्नॉलॉजी फी, क्लिनिकल फी, पार्श्वभूमी आणि ड्रग तपासणी, विद्यार्थी म्हणून मालप्रॅक्टिस विमा, आणि कॅम्पसवर बोलावतात त्या दोन-चार दिवसांचा प्रवास व हॉटेल, हे सगळं ट्यूशनच्या खाली लिहून मग बेरीज करा.

ग्रीन कार्ड आहे म्हणजे फाफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा अर्ज, भरता येईल. मात्र १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० आणि एकूण १,००,००० डॉलर. स्वस्त कॉलेज निवडलं तर ती पुरते. करात लाइफटाइम लर्निंग क्रेडिट नावाची सवलत वर्षाला २,००० डॉलरपर्यंत मिळू शकते. नर्स कोअर ही सरकारी कर्जफेडीची योजनाही बघून ठेवा: तुटवड्याच्या जागी दोन वर्षं काम केल्यास नर्सिंगच्या कर्जाचा ६० टक्के भाग, तिसऱ्या वर्षी आणखी २५ टक्के फिटतो. निवड मात्र स्पर्धेतून होते.

प्रवेशाच्या कागदांत भारतीय नर्सेसचं दोन ठिकाणी अडतं. एक, नाशिकहून ट्रान्सक्रिप्ट मागवून विषयवार मूल्यांकन करून घेणं. एनक्लेक्सच्या (आरएन परवान्याच्या परीक्षेच्या) वेळचा अहवाल कॉलेज घेईलच असं नाही, म्हणून सहा महिने हाताशी ठेवा. दोन, स्टॅटिस्टिक्स. आपल्या अभ्यासक्रमात तो नर्सिंग रिसर्चला जोडलेला आहे, स्वतंत्र विषय म्हणून काही कॉलेजं तो धरत नाहीत. जवळच्या कम्युनिटी कॉलेजातून तीन क्रेडिट आधीच उरकून घ्या. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेल्यांना मात्र आधी आरएन-टू-बीएसएन (पदवीपर्यंत नेणारा कोर्स) किंवा थेट आरएन-टू-एमएसएन शोधावं लागतं.

एफएनपीच का, हेही एकदा तपासा. आयसीयूतच राहायचं असेल तर प्रौढ-वृद्ध अॅक्यूट केअर, म्हणजे गंभीर आजाऱ्यांची, शाखा घ्या. एफएनपीचं शिक्षण प्रायमरी केअरचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरसारख्या नेहमीच्या तपासणीचं, आहे आणि हॉस्पिटलं आता हे काटेकोरपणे बघतात. नंतर पोस्ट-मास्टर्स सर्टिफिकेट करणं म्हणजे पुन्हा फी आणि पुन्हा प्रिसेप्टर. पास झाल्यावरही टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरशी लेखी करार लागतो, शेड्यूल दोनची (कडक नियंत्रणातली) औषधं हॉस्पिटल आणि हॉस्पिस (अखेरच्या दिवसांतली शुश्रूषा) अशा मोजक्या ठिकाणीच लिहिता येतात. नियंत्रित औषधं लिहिण्यासाठीच्या डीईए नोंदणीचे तीन वर्षांचे ८८८ डॉलर बाजूला ठेवा, आणि विमा कंपन्यांची मान्यता मिळेपर्यंतचे काही महिनेही धरून चला.

आता मावसबहीण. पुण्यात बसून अमेरिकेतला एनपी होत नाही. त्यासाठी अमेरिकेचा आरएन परवाना लागतो आणि क्लिनिकलही तिथेच करावं लागतं. पूर्ण ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी व्हिसाही मिळत नाही. तिला एनपीच व्हायचं असेल तर भारतीय नर्सिंग परिषदेचा क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आहे: दोन वर्षांचा, रेसिडेन्सी पद्धतीचा, बी.एस्सी. नर्सिंगनंतरचा. तो हॉस्पिटलमध्ये राहूनच करावा लागतो. त्यावर अमेरिकेत एनपीचा परवाना मिळत नाही. तिकडेच जायचं ठरलं असेल तर तिने आधी एनक्लेक्सचं बघावं.