नाव बदला, पण हरकतीचा हक्क सोडू नका

प्रश्न : आमची वीज ग्राहकांची संस्था मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली इंदुरात नोंदलेली आहे आणि दरवाढीच्या प्रत्येक प्रस्तावावर आम्ही हरकती दाखल करतो. संस्थेच्या नावात राज्याचे नाव, ‘विद्युत उपभोक्ता’ आणि शेवटी ‘आयोग’ असे शब्द आहेत. विजेचे दर ठरवणाऱ्या राज्य विद्युत नियामक आयोगाच्या तक्रारीवरून पंजीयक (संस्थांची नोंदणी करणारा अधिकारी) कार्यालयाने नोटीस काढली आहे की, नावामुळे शासकीय संस्थेचा भास होतो, म्हणून ते पंधरा दिवसांत बदलावे, नाहीतर नोंदणी रद्द होईल. नियामकाच्या कार्यालयाने तर नाव बदलेपर्यंत आमची हरकत घेण्यासच नकार दिला आहे. वास्तविक हेच नाव याच पंजीयक कार्यालयाने पूर्वी मंजूर केले होते. आम्ही काय करावे? (संस्थेचे सचिव, इंदूर)

उत्तर : आपल्याकडून एकाच वेळी तीन निरनिराळ्या गोष्टी मागितल्या जात आहेत आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे आपली बाजू आहे त्याहून दुबळी दिसते. नाव बदला, ही पहिली मागणी बरीचशी रास्त आहे. नोंदणी रद्द करू, ही दुसरी धमकी आहे आणि तिला आधार काय हे नोटिशीत कुठेही सांगितलेले नाही. हरकत घेणार नाही, ही तिसरी गोष्ट मात्र सरळसरळ बेकायदेशीर आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ नुसार दराचा प्रस्ताव संक्षिप्त रूपात प्रसिद्ध करावा लागतो आणि जनतेकडून आलेल्या सर्व सूचना व हरकती विचारात घेऊन, अर्ज मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत आयोगाने आदेश द्यावयाचा असतो. तेथे ‘जनता’ म्हटले आहे. नोंदणीकृत संस्था किंवा निर्विवाद नावाची संस्था असे कोठेही म्हटलेले नाही. ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी एखाद्याला अधिकृत प्रतिनिधी म्हणून नेमायचे की नाही, हे कलम ९४(३) प्रमाणे आयोगाच्या मर्जीवर आहे आणि तेवढ्यापुरते ते आपल्याला नाही म्हणू शकतात. पण लेखी हरकत दाखल करून घेणे ही मर्जीची बाब नव्हे. तरीही या मुद्द्यावर भांडत बसू नका, कारण १२० दिवसांचे घड्याळ आपल्या नावाच्या वादासाठी थांबणार नाही. हरकतीचा तोच मसुदा आपल्यापैकी दोघा-तिघा सभासदांनी स्वतःच्या नावाने, बिलावरचा आयव्हीआरएस (ग्राहक) क्रमांक लिहून, मुदतीच्या आत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावा. संस्थेची हरकत वेगळी पाठवा आणि ती परत आली तर पाकीट न फोडता जपून ठेवा. पुढे न्यायालयात जायची वेळ आलीच, तर ते पाकीट दहा पानांच्या युक्तिवादापेक्षा उपयोगी पडेल.

आता नाव. बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीतील सातव्या नोंदीत, केंद्र किंवा राज्य सरकारचा आश्रय सुचवणारी, तसेच कायद्याखाली शासनाने स्थापन केलेल्या एखाद्या मंडळाशी संबंध सुचवणारी नावे येतात. नियामक आयोग हा विद्युत अधिनियमाच्या कलम ८२ खाली स्थापन झालेला असल्यामुळे, राज्याचे नाव, वीज आणि ‘आयोग’ ही तिन्ही एका ओळीत आली की बिलाची तक्रार घेऊन आलेल्या सामान्य माणसाचा गैरसमज होणे अगदी स्वाभाविक आहे. १९५० च्या अधिनियमाचे कलम ४ नोंदणी अधिकाऱ्याला अशा नावाची संस्था नोंदण्यासच मनाई करते. कलम ३ मधील बंदी मुख्यतः व्यापार, धंदा वा व्यवसायासाठी केलेल्या वापरावर आहे, आणि आपली संस्था धंदा करीत नाही, हा बचाव आपल्याला उपलब्ध आहे; पण सर्व भिस्त त्यावर ठेवावी असे मी म्हणणार नाही. हा कायदाच घटनाबाह्य आहे असे म्हणण्याचा मार्ग तर केव्हाच बंद झाला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व चित्र विडीच्या व्यापारचिन्हात वापरणाऱ्या साबळे वाघिरे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ सालीच तो वैध ठरवला.

घटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) मधील संघस्वातंत्र्याचा उल्लेख आपण पत्रात दोनदा केला आहे. त्या संदर्भात दमयंती नारंगा प्रकरण (१९७१) नेहमी पुढे केले जाते. ते हिंदी साहित्य संमेलनाविषयीचे होते, म्हणजे ज्या संस्थेच्या इंदूर अधिवेशनांचे अध्यक्षपद गांधीजींनी १९१८ आणि १९३५ साली भूषवले तिच्याविषयीचे. त्यामुळे आपल्या गावातील वकिलांना त्याचा मोह जरा जास्तच पडतो. परंतु तेथे प्रश्न सभासद कोण असावेत हा होता, नाव काय असावे हा नव्हता.

“आधी मंजूर कसे केले?” हा आपला मुद्दा नाव राखण्यासाठी चालणार नाही, कारण कायद्याने मना केलेली गोष्ट एखाद्या अधिकाऱ्याने मंजूर केली म्हणून कायदेशीर होत नाही. नोंदणी रद्द करण्याच्या धमकीविरुद्ध मात्र तो चांगला चालेल. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याला ती रद्द करण्याचा अधिकार कायद्यात स्पष्टपणे दिलेला नसेल, तर केवळ नोंदणीच्या अधिकारातून तो आपोआप निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने इंडियन नॅशनल काँग्रेस (आय) विरुद्ध इन्स्टिट्यूट ऑफ सोशल वेल्फेअर या २००२ च्या निकालात राजकीय पक्षांच्या नोंदणीसंबंधी सांगितले. त्याला जे मोजके अपवाद ठेवले, त्यातला प्रमुख म्हणजे फसवणूक करून मिळवलेली नोंदणी. आपण काही लपवले नव्हते, म्हणून मूळ अर्जाची आणि मंजुरीची प्रमाणित प्रत आजच मागवा. आपल्याला आलेली नोटीस दीड पानाची आहे आणि तीत कलमाचा एकही आकडा नाही. तेव्हा उत्तरात विचारा की, नाव बदलण्याचा आदेश कोणत्या कलमाखाली आहे, नोंदणी कोणत्या कलमाखाली रद्द होणार आहे, आणि नियामकाच्या तक्रारीची प्रत का दिलेली नाही. प्रत्यक्ष सुनावणीची मागणीही त्याच पत्रात करा. आदेशात न दिलेली कारणे मागाहून प्रतिज्ञापत्राने जोडता येत नाहीत, हे मोहिंदर सिंग गिल (१९७८) प्रकरणापासून ठरलेले आहे.

सुनावणी न देताच नोंदणी रद्द झाली, तर अपिलाचा मार्ग असला तरी घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात जाता येईल. नैसर्गिक न्यायाचा भंग झाल्यास पर्यायी उपाय आड येत नाही, हे व्हर्लपूल (१९९८) प्रकरणात स्पष्ट केलेले आहे. आज मात्र नुसत्या नोटिशीवर याचिका करू नका. बहुधा “आधी उत्तर द्या” असे सांगून ती निकालात काढली जाईल आणि दिवस वाया जातील.

आपण जोडलेल्या कागदांत लेटरहेड आणि ओळखपत्र आहे. लेटरहेडच्या डोक्यावर तीन सिंहांचे चिन्ह छापले आहे, आणि ओळखपत्रावर ‘अध्यक्ष’ व ‘आयोग’ ही अक्षरे अंगठ्याएवढी असून ‘पंजीकृत संस्था’ हे शब्द भिंगाखाली धरावे लागतात. नोटिशीपेक्षा मला याची काळजी अधिक वाटते. राजचिन्हाच्या अनुचित वापरासाठी २००५ च्या स्वतंत्र अधिनियमात दोन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे, आणि असे ओळखपत्र दाखवून एखाद्या सभासदाने वीज कर्मचाऱ्यावर रुबाब केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली, लोकसेवक असल्याची बतावणी केली म्हणून, तक्रार होऊ शकते. ही सर्व कार्डे लेखी पोच घेऊन परत मागवा, लेटरहेड वापरातून काढा आणि तसे केल्याचे नोटिशीच्या उत्तरात नमूद करा.

माझा सल्ला असा की, कोणताही आक्षेप मान्य नसल्याचे लिहून ठेवूनच, ‘आयोग’ हा शब्द आपण स्वतःहून सोडावा. त्याऐवजी ‘फोरम’ किंवा ‘मंच’ घेऊ नका, कारण विद्युत अधिनियमाच्या कलम ४२ खालील तक्रार निवारण फोरम वितरण कंपनीचाच असतो आणि वाद पुन्हा उभा राहील. ‘लोकपाल’ शब्दाचेही तेच. ‘संघटना’ पुरे. सोसायटी अधिनियमात व आपल्या नियमावलीत सांगितलेल्या बहुमताने सर्वसाधारण सभेत ठराव करा, आणि नावाखेरीज संस्थेचे हक्क, देणी, नोंदणी क्रमांक व चालू प्रकरणे तशीच राहतील, हे त्या ठरावातच लिहा. कोणी नवी संस्था नोंदवा असे सुचवील, तर ऐकू नका. मग जुन्या हरकतींशी नव्या संस्थेचा संबंध काय, असे पहिल्याच तारखेला विचारले जाईल. ठरावाची प्रत पंजीयकाकडे दाखल केल्याची पोच मिळाली की तीच पोच जोडून, नियामकाकडील प्रलंबित प्रकरणात नाव दुरुस्तीचा अर्ज करा. पॅन आणि बँक खात्यातील नाव मात्र बदललेल्या नावाचे प्रमाणपत्र हाती आल्यावरच बदला.