मॅनेज्ड स्विचच्या मेनूत एवढे शब्द असतात, त्यातले खरंच कोणते शिकावे लागतात?

तुम्ही म्हणताय पीथमपूरच्या कारखान्यात नेटवर्क तुमच्या गळ्यात पडलंय, २४ पोर्टचा नवा मॅनेज्ड स्विच (ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा) आलाय आणि मेनूत व्हीलॅन, एसटीपी, एलएसीपी, आयजीएमपी बघून डोकं गरगरतंय. मी इंदुरात सांवेर रोडला हीच कामं करतो म्हणून सरळ सांगतो, स्पॅनिंग ट्री आणि व्हीलॅन हे दोन नीट समजून घ्या, बाकीचं गरज पडेल तसं बघता येतं.

आधी स्पॅनिंग ट्री, म्हणजेच मेनूतलं एसटीपी, कारण हे बंद असलं तर एका केबलने अख्खा कारखाना बसतो. कोणीतरी टेबलाखालच्या छोट्या स्विचला भिंतीतल्या दोन सॉकेटमधून केबल लावतो आणि झाला लूप. आयपी पॅकेटला टीटीएल म्हणजे आयुष्याचा आकडा असतो, दर राउटरला एकेक कमी होत ते शेवटी मरतं, पण इथरनेट फ्रेमला तसलं काहीच नाही, ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना पाठवलेला संदेश, गोल गोल फिरतच राहतो, वर कॉप्या वाढत जातात, आणि मग रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाल्यावर राजवाड्यावर जसं कोणालाच हलता येत नाही तशी गत होते. एसटीपीत स्विच दर २ सेकंदांनी बीपीडीयू नावाचे छोटे निरोप पाठवून आपसात ठरवतात की जास्तीचा रस्ता बंद ठेवायचा, आणि चालू रस्ता तुटला की तोच उघडायचा. १९८५ मध्ये रेडिया पर्लमन बाईंनी डीईसी कंपनीत असताना हा अल्गोरिदम काढला. जुन्या एसटीपीला सावरायला ३० ते ५० सेकंद लागायचे, त्याचीच वेगवान आवृत्ती आरएसटीपी साधारण काही सेकंदांत उरकतो, मेनूत असेल तर तोच घ्या.

आता एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. एसटीपीत एक स्विच रूट म्हणजे सगळ्यांचा मुख्य होतो, ज्याचा प्रायॉरिटीचा आकडा लहान तो. सगळ्या स्विचची प्रायॉरिटी फॅक्टरीतून ३२७६८ येते, बरोबरी झाली की ज्याचा मॅक अॅड्रेस (उपकरणाचा कायमचा हार्डवेअर नंबर) लहान तो रूट होतो, म्हणजे बरेचदा कोपऱ्यातला सगळ्यात जुना डबडा राजा बनतो! तुमच्या मुख्य स्विचची प्रायॉरिटी ४०९६ करून टाका. आणि कॉम्प्युटर, प्रिंटरच्या पोर्टला एज पोर्ट चालू करा, सिस्को त्याला पोर्टफास्ट म्हणतं, नाहीतर जुन्या एसटीपीत पोर्ट ३० सेकंद थांबून राहतो आणि तेवढ्यात डीएचसीपी (आपोआप आयपी अॅड्रेस मिळवणारी सोय) कंटाळून सोडून देतो.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळी नेटवर्कं, ऑफिस १०, कॅमेरे २०, मशीन चालवणारे पीएलसी कंट्रोलर ३०, नंबर तुमच्या मर्जीचे, १ ते ४०९४ मधले. फ्रेममध्ये ४ बाइटचा टॅग घुसवतात, त्याचं स्टँडर्ड ८०२.१क्यू. दोन स्विच जोडणारा पोर्ट टॅग्ड, साधं उपकरण लावायचा पोर्ट अनटॅग्ड, बस. फक्त स्वस्त वेबवाल्या स्विचमध्ये पीव्हीआयडी, म्हणजे पोर्टवर टॅगशिवाय आत येणारं कोणत्या व्हीलॅनमध्ये टाकायचं तो नंबर, वेगळा भरावा लागतो, पोर्ट व्हीलॅन २० मध्ये अनटॅग्ड केलात पण पीव्हीआयडी १ च राहिला तर कॅमेऱ्याकडे जाणारं बरोबर जातं आणि त्याच्याकडून येणारं व्हीलॅन १ मध्ये पडतं, मग लोक दिवसभर केबल बदलत बसतात. व्हीलॅन आपसात बोलायला राउटर किंवा लेयर ३ स्विच (राउटरचंही काम करणारा) लागतो हे पण लक्षात असू द्या.

बाकी झटपट. एलएसीपी म्हणजे दोन-चार केबल मिळून एक लिंक, पण एकाच कॉपीचा स्पीड त्याने वाढत नाही. पीओई, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच वीज, कॅमेऱ्यांना, ८०२.३एएफ स्टँडर्डमध्ये पोर्टमागे १५.४ वॉट, एटी मध्ये ३०, पण अख्ख्या स्विचचं बजेट बघा, तिथेच घोळ होतो. आयजीएमपी स्नूपिंग मल्टिकास्ट (एकाच वेळी निवडक उपकरणांना जाणारा डेटा) असेल तरच. एसएनएमपी स्विचवर दुरून नजर ठेवायला, त्यातला पब्लिक हा पासवर्डासारखा शब्द पहिल्या दिवशी बदला, जमलं तर व्हर्जन ३ लावा. दुरून लॉगिन करायला टेलनेट बंद, सुरक्षित एसएसएच चालू.

आणि हो, बऱ्याच स्विचमध्ये अप्लाय दाबलं की सेटिंग फक्त रॅममध्ये जाते. सेव्हचं बटन वेगळं असतं, ते दाबल्याशिवाय घरी जाऊ नका, रात्री लाइट गेली तर सकाळी स्विच परत कोरा.