मिरचीला पानंच पानं, फुलं कुठायत?

प्रश्न: ताई, बाल्कनीत लवंगी मिरचीची दोन रोपं लावलीयेत, दर आठवड्याला चमचाभर युरिया टाकते, झाडं कमरेएवढी झालीत पण फूल एकही नाही. काय चुकतंय?

उत्तर: अगं, आधी तो युरिया बंद कर! त्यात 46 टक्के नुसतं नत्र (नायट्रोजन) असतं, त्याने पानं काळपट हिरवी, लुसलुशीत होतात आणि फुलं मागे पडतात, शिवाय कोवळ्या शेंड्यांवर मावा ही कीड येते ती वेगळीच. आता पंधरा-वीस दिवस फक्त पाणी दे, मग कुंडीच्या कडेकडेने दोन मुठी गांडूळखत, वर चिमूटभर लाकडाची राख टाक, म्हणजे पालाश (पोटॅशियम) मिळेल, माती हलकी उकरून मिसळ आणि लगेच पाणी घाल. खोडाला खत चिकटवू नकोस हां. आणि सहा तास ऊन हवंच.