न्यूयॉर्कमध्ये दर वीस वर्षांनी 'घटनादुरुस्ती' होते का?

प्रश्न असा आला आहे: 'न्यूयॉर्क राज्याचे मतदार दर वीस वर्षांनी घटनादुरुस्तीवर मत देतात' हे वाक्य चालेल का? आणि तिथल्या राज्याच्या घटनेला 'राज्यघटना' म्हणावे का?

दुसऱ्याचे उत्तर सोपे आहे. मराठीत नुसते 'राज्यघटना' म्हटले की देशाचीच घटना डोळ्यांपुढे येते. म्हणून 'न्यूयॉर्कची घटना' एवढे पुरे.

पहिले वाक्य मात्र चुकीचे आहे. आपल्याकडे संसदेने एखादे कलम बदलले की ती घटनादुरुस्ती (मराठी अधिनियमांच्या नावात तिलाच 'सुधारणा' म्हणतात). न्यूयॉर्कमध्ये अशा दुरुस्तीला वीस वर्षे थांबावे लागत नाही. विधिमंडळाने ती मंजूर करायची, मध्ये निवडणूक होऊन नव्या विधिमंडळाने पुन्हा मंजूर करायची, मग लोकांचा कौल. वीस वर्षांनी विचारतात ते वेगळेच: घटनेची फेरमांडणी (म्हणजे ती मुळापासून नव्याने लिहिणे) आणि दुरुस्ती करण्यासाठी परिषद, म्हणजे त्यासाठी निवडलेल्या प्रतिनिधींची सभा, भरवावी काय? १८४६च्या घटनेपासूनची ही तरतूद. मूळ इंग्रजी प्रश्नातच 'revise' (फेरमांडणी करणे) आणि 'amend' (दुरुस्ती करणे) ही दोन्ही क्रियापदे आहेत, म्हणजे घटना लिहिणाऱ्यांना ती एक वाटत नव्हती. १९३६ साली लोक 'हो' म्हणाले आणि १९३८ची परिषद भरली. तिने सगळी घटना नव्याने न लिहिता ५७ बदल नऊ प्रश्नांत बांधून लोकांपुढे ठेवले. सहा प्रश्न मंजूर झाले. त्यानंतर १९५७, १९७७, १९९७ आणि २०१७ या चारही खेपांना उत्तर 'नाही'. मग वीस वर्षांनी कुठली दुरुस्ती?

हा फरक नुसता कोशातला नाही. कॅलिफोर्नियात सह्या गोळा करून लोक घटनेत दुरुस्ती सुचवू शकतात, फेरमांडणी नाही. एखादा बदल यांपैकी कशात मोडतो यावर खटले झाले आहेत. समलिंगी विवाह रोखणारा २००८चा बदल ही दुरुस्तीच, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दिला.

दुरुस्ती आणि फेरमांडणी यांखेरीज तिसरा शब्द 'फेरआढावा'. पेनसिल्व्हेनियाच्या १७७६च्या घटनेत दर सात वर्षांनी सेन्सॉर मंडळ निवडायची सोय होती. (चित्रपटाची कात्री मनात आणू नका, नाव प्राचीन रोममधल्या अधिकाऱ्यांवरून घेतलेले.) घटना पाळली गेली का हे पाहणे हे त्याचे काम, आणि गरज वाटली तर परिषद बोलावण्याचा अधिकार. पेनसिल्व्हेनियात ते एकदाच बसले. १७९०च्या घटनेने ते मोडीत काढले. व्हरमाँटने ही कल्पना उचलली आणि १३ जणांचे मंडळ १८७०पर्यंत चालवले. या कामाला 'फेरआढावा' शोभतो.

तेव्हा तुमचे वाक्य मी असे लिहीन: 'घटनेच्या फेरमांडणीसाठी परिषद बोलवायची का, हे न्यूयॉर्कचे मतदार दर वीस वर्षांनी ठरवतात.' 'घटनासमिती' टाळलेली बरी, त्या शब्दाने वाचक थेट १९४६च्या दिल्लीत जातो.